शंभराची नोट आणि सुटे पैसे : शेअर-विभाजनाचा इतिहास, अमळनेरमार्गे



मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, "सर, एक शेअर परवापर्यंत दोन हजाराला होता, आज चारशेला मिळतोय. घेऊन टाकू का?" मी विचारलं, "कंपनीला झालं काय?" ते म्हणाले, "काही नाही. स्प्लिट झालाय."

आता बघा, प्रश्नातच उत्तर होतं. पण ते त्यांना दिसत नव्हतं, आणि दोष त्यांचा नाही. आकडा लहान झाला की वस्तू स्वस्त झाली, असं आपल्या मनाला बाजारात भाजी घेतानापासून वाटत आलेलं आहे. म्हणून आजचा विषय हाच घेतला : शेअर-विभाजन म्हणजे काय, ते आपल्याकडे कसं आलं, आणि त्यातून गुंतवणूकदाराच्या हाती खरोखर काय पडतं.

हा इतिहास सांगायला दलाल स्ट्रीटवरून सुरुवात करायची पद्धत आहे. आपण खानदेशातून करू.

जळगाव जिल्ह्यात बोरी नदीच्या काठी अमळनेर आहे. साने गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, तिथे तत्त्वज्ञान मंदिर आहे, सखाराम महाराजांची वाडी आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं गाव, आजूबाजूला भुईमुगाचा मुलूख. म्हणजे तेलाच्या धंद्याला सगळं अनुकूल. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी तिथे एक कंपनी काढली : वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड. 'सनफ्लॉवर' नावाचं वनस्पती तूप, आणि तेलातून उरणाऱ्या मालापासून कपडे धुण्याचा '७८७' साबण. पुढच्याच वर्षी कंपनीने लोकांना शेअर विकले. गावातल्याही अनेक घरांत ते गेले. तेलाच्या गिरणीचे कागद, ट्रंकेत ठेवायचे.

१९६६ साली प्रेमजी अचानक गेले. एकवीस वर्षांचा मुलगा अमेरिकेतलं शिक्षण अर्धवट सोडून परत आला. अझीम प्रेमजी. भागधारकांच्या सभेत एकाने त्यांना सुचवलं, की तुम्ही लहान आहात, कंपनी कुणा अनुभवी माणसाला विकून टाका. हा प्रसंग लक्षात ठेवा, शेवटी तो पुन्हा लागेल. पुढे हीच कंपनी संगणकाच्या धंद्यात उतरली, आणि १९८२ साली तिचं नाव झालं विप्रो लिमिटेड.

आता एक हिशोब करू. कागद-पेन्सिल असेल तर घ्या. १९८० साली एखाद्याकडे विप्रोचे १०० शेअर आहेत. प्रत्येकाची दर्शनी किंमत १०० रुपये. आणि त्याने पुढे एकही शेअर विकला नाही, एकही नवा घेतला नाही.

१९८१ साली एकास एक बोनस : १०० चे २०० झाले. १९८५ साली पुन्हा एकास एक : ४००. १९८६ साली विभाजन, १०० रुपयांचा शेअर मोडून १० रुपयांचे दहा केले : ४,०००. मग १९८७, १९८९, १९९२ आणि १९९५ असे चार वेळा एकास एक बोनस : ८ हजार, १६ हजार, ३२ हजार, ६४ हजार. १९९७ साली एका शेअरमागे दोन नवे, म्हणजे तिप्पट : १ लाख ९२ हजार. १९९९ साली दुसरं विभाजन, १० रुपयांचा शेअर मोडून २ रुपयांचे पाच : ९ लाख ६० हजार. २००४ साली पुन्हा एकामागे दोन : २८ लाख ८० हजार. २००५ साली एकास एक : ५७ लाख ६० हजार. २०१० साली तिनास दोन : ९६ लाख. २०१७ साली एकास एक, २०१९ साली तिनास एक, २०२४ साली पुन्हा एकास एक. शेवटी उत्तर येतं ५ कोटी १२ लाख शेअर.

शंभराचे पाच कोटी बारा लाख. भाव नुसता २०० रुपये धरला तरी हजार कोटींच्या वर रक्कम जाते. ही गोष्ट तुम्ही फोनवर फिरताना वाचली असेल. खाली लिहिलेलं असतं : "बोनस आणि स्प्लिटची जादू."

आकडे बरोबर आहेत. 'जादू' हा शब्द चूक आहे. का, ते आता पाहू.

तुमच्याकडे शंभराची नोट आहे. तुम्ही वाण्याकडे जाऊन ती मोडली, दहाच्या दहा नोटा घेतल्या. तुम्ही श्रीमंत झालात का? नाही. खिसा जाड झाला. विभाजन म्हणजे एवढंच. कायद्याच्या भाषेत हे भागभांडवलाचं उपविभाजन. आधी १९५६ च्या कंपनी कायद्यात त्याची तरतूद होती, आता २०१३ च्या कायद्यातल्या कलम ६१ मध्ये आहे. भागभांडवलाची एकूण रक्कम तीच राहते, तुकड्यांची संख्या बदलते. कंपनीच्या तिजोरीत एक रुपया आत येत नाही, एक रुपया बाहेर जात नाही.

बोनस शेअरमध्ये थोडा फरक आहे. तिथे दर्शनी किंमत तीच राहते. वर्षानुवर्षं साठलेल्या राखीव निधीतून रक्कम उचलून कंपनी ती भागभांडवलात टाकते आणि त्याबदली नवे शेअर वाटते. म्हणजे घरातल्या एका डब्यातले पैसे दुसऱ्या डब्यात. ज्या कंपनीकडे असा साठा नाही, तिला बोनस देता येत नाही. म्हणून बोनसमध्ये "आमच्याकडे साठा आहे" असा निरोप तरी असतो. विभाजनात तोही नसतो. पण भागधारकाच्या मालकीचं काय? दोन्ही बाबतीत तुमचा हिस्सा जेवढा होता तेवढाच राहतो. भाकरीचे चार तुकडे करा नाही तर आठ, भाकरी तेवढीच.

पटत नसेल तर उलटा हिशोब करा. समजा, १९८० नंतर विप्रोचा धंदा तसूभरही वाढला नसता, आणि एका शेअरची किंमत १०० रुपयेच राहिली असती. आणि हे सगळे बोनस, ही दोन्ही विभाजनं तरीही झाली असती. तर आज एका शेअरचा भाव काय असता? एका शेअरचे ५,१२,००० झाले. १०० रुपये भागिले ५,१२,०००. एका पैशाच्या पन्नासाव्या भागाइतका. म्हणजे तुकडे करून काहीही निर्माण होत नाही. जे निर्माण झालं ते त्या चाळीस वर्षांत कंपनीत झालं : आधी साबण-तेलात, मग संगणकात, मग परदेशी ग्राहकांसाठी केलेल्या सॉफ्टवेअरच्या कामात.

मग तुम्ही विचाराल, काहीच होत नाही तर कंपन्या हे करतात कशाला? इथे खरा इतिहास सुरू होतो.

जुना बाजार आठवा. आमच्या पिढीने तो पाहिलाय. शेअर म्हणजे छापील कागद, सर्टिफिकेट. ते एक-एक विकता येत नसत. लॉट ठरलेला असे. १० रुपयांच्या शेअरचा लॉट साधारण ५० किंवा १००, आणि १०० रुपयांच्या शेअरचा ५ किंवा १०. लॉटपेक्षा कमी शेअर असतील तर त्याला म्हणायचे 'ऑड लॉट', आणि ते विकायला गेलं की दलाल भाव पाडून मागायचा. आता विचार करा, शेअरचा भाव दोन-तीन हजारांवर गेला आणि लॉट ५० चा असेल, तर एका सौद्याला लाख-दीड लाख लागणार. त्या काळातल्या शिक्षकाने, कारकुनाने ते आणायचे कुठून? अशा वेळी शेअर मोडून लहान करण्याला अर्थ होता. दार उघडणंच होतं ते.

पण दार किती उघडायचं, यावर कुलूप होतं. आपल्याकडे शेअरची दर्शनी किंमत १० किंवा १०० रुपये, असं ठरूनच गेलेलं होतं. १०० चा १० झाला की पुढे मोडायची सोय संपली. म्हणून त्या काळात आपल्याकडे विभाजनं कमी आणि बोनस जास्त दिसतात. आणि बोनसही मनात आला म्हणून देता येत नसे. १९४७ च्या भांडवल नियंत्रण कायद्याखाली दिल्लीत एक अधिकारी बसलेला असे, त्याची परवानगी लागे. ती व्यवस्था १९९२ साली गेली. म्हणूनच जुने लोक 'बोनस' हा शब्द दिवाळीसारखा उच्चारतात. तो खरोखरच क्वचित यायचा.

दर्शनी किमतीचं कुलूप उघडलं जून १९९९ मध्ये. सेबीने परिपत्रक काढून १० आणि १०० चं बंधन काढून टाकलं. कंपनीने हवी ती दर्शनी किंमत ठेवावी, फक्त ती एक रुपयापेक्षा कमी नको आणि पूर्णांकात हवी. विप्रोने त्याच वर्षी १० चे २ केले. इन्फोसिसने २००० साली १० चे ५ केले. मग रांगच लागली. आणि ही तारीख बघा : १९९९-२०००. सॉफ्टवेअर शेअरच्या तेजीचा तो कळस होता. विभाजनाची नुसती बातमी आली की लोक तुटून पडायचे. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत तेजी ओसरली, तेव्हा मोडलेले शेअरही पडले आणि न मोडलेलेही. सुट्या पैशांनी कुणाला वाचवलं नाही.

यातली गंमत अशी, की ज्या अडचणीवर विभाजन हा उपाय होता, ती अडचण त्याच सुमाराला संपत होती. १९९६ साली डिपॉझिटरी कायदा आला, त्याच वर्षाच्या शेवटी डीमॅट सुरू झालं. कागद गेले, लॉट गेला, एक शेअरही घेता-विकता यायला लागला. उपाय सर्वांच्या हाती आला तेव्हा रोग बरा होत आलेला होता. (हशा)

आता एक शंका उरते. "सर, विभाजन झालेले शेअर नंतर वाढतात, हे आम्ही पाहिलंय." हाच प्रश्न अमेरिकेत चार अभ्यासकांनी घेतला : यूजीन फामा, लॉरेन्स फिशर, मायकेल जेन्सन आणि रिचर्ड रोल. १९६९ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कच्या बाजारातली १९२७ ते १९५९ या काळातली ९४० विभाजनं त्यांनी तपासली. दिसलं काय? भाव बाजारापेक्षा जास्त वाढलेला होता तो विभाजनाच्या आधीच्या महिन्यांत. विभाजनानंतर सरासरीने तशी जादा वाढ नाही. पुढे ज्या कंपन्यांनी लाभांश वाढवला त्यांचा भाव टिकला, ज्यांनी नाही वाढवला त्यांचा खाली आला. म्हणजे बाजार विभाजनाला भुलत नव्हता. विभाजनामागे "आमची कमाई वाढणार आहे" असा विश्वास आहे का, ते तो वाचत होता. आपण काय करतो? आधी वर गेलेला शेअर पाहतो, मग विभाजन पाहतो, आणि दोघांचा क्रम उलटा लावतो. पाऊस पडला म्हणून छत्र्या उघडल्या, हे सोडून छत्र्या उघडल्या म्हणून पाऊस पडला.

उलट बाजूची उदाहरणंही आहेत. वॉरन बफे यांनी बर्कशायर हॅथवेचा मूळ 'अ' वर्गाचा शेअर कधीच मोडला नाही. रोज घेणारा-विकणारा गिऱ्हाईक त्यांना नकोच होता. १९९६ साली लोक त्या महाग शेअरचे तुकडे पाडून विकणारे फंड काढायला निघाले, तेव्हा त्यांनी स्वतःच लहान 'ब' वर्ग काढला. आपल्याकडे एमआरएफ. टायरवाली कंपनी. दर्शनी किंमत अजून १० रुपये, आणि जून २०२३ मध्ये तिच्या एका शेअरचा भाव एक लाखाच्या वर गेला. एक लाखाचा म्हणून तो महाग, आणि ४० रुपयांचा शेअर स्वस्त, असं नसतं. महाग की स्वस्त हे कमाईच्या तुलनेत ठरतं, तुकड्याच्या आकाराने नाही.

आणखी एक जुना घोळ, जो आजही चालतो. लाभांश बऱ्याचदा टक्क्यांत सांगितला जातो आणि ती टक्केवारी दर्शनी किमतीवर असते. "२०० टक्के लाभांश" वाचून डोळे विस्फारतात. दर्शनी किंमत २ रुपये असेल तर २०० टक्के म्हणजे ४ रुपये. १ रुपया असेल तर २ रुपये. शेअर मोडत गेला तशी ही टक्केवारी अधिकाधिक फसवी होत गेली. रुपयांत वाचा. नेहमी रुपयांत वाचा.

आता अमळनेरला परत जाऊ.

'दहा हजारांचे हजार कोटी' या गोष्टीत तीन गोष्टी गाळलेल्या असतात. पहिली : १० हजार ही दर्शनी किंमत झाली, बाजारात तो शेअर दर्शनी किमतीलाच मिळत होता असं नाही. दुसरी : २०१३ साली विप्रोने साबण, दिवे वगैरे धंदे वेगळे काढून दुसऱ्या, बाजारात नोंदणी नसलेल्या कंपनीत टाकले. भागधारकांना त्याचा मोबदला मिळाला, तो या हिशोबात येतच नाही. म्हणजे जिच्यापासून सगळं सुरू झालं ती अमळनेरची साबण-तेलाची बाजू आज बाजारातल्या विप्रोत नाही! आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची : १९८० साली शेकडो कंपन्या होत्या. ज्यांचे कागद आज रद्दीच्या भावाचे आहेत, त्यांची गोष्ट कुणी फोनवर पाठवत नाही. १९६६ सालच्या सभेत "विकून टाका" म्हणणारा भागधारक मूर्ख नव्हता. समोर तेलाची गिरणी आणि एकवीस वर्षांचा मुलगा होता. त्याला जे दिसत होतं ते तो बोलला.

मग ज्यांनी शेअर ठेवले, त्यांच्या उपयोगाला विभाजन काहीच आलं नाही का? आलं. आणि आजच्या व्याख्यानातला मला सांगायचा मुद्दा हाच आहे. समजा, एकही विभाजन, एकही बोनस झाला नसता. आज तुमच्या हातात तेच १०० शेअर, आणि एका शेअरचा भाव दहा कोटी चोवीस लाख रुपये. मुलीचं लग्न आहे, पाच लाख हवेत. काय विकाल? घेणार कोण? एक विकला तर शंभरावा हिस्सा गेला. शेअर मोडलेले होते म्हणून गरजेपुरते विकता आले आणि बाकीचे ठेवता आले. चाळीस वर्षं एखादी गोष्ट सांभाळायची तर अडीअडचणीला तिचा कोपरा तोडता आला पाहिजे. सुट्या पैशांनी माणूस श्रीमंत होत नाही, पण त्यामुळे मोठी नोट वाचते. विभाजनाची किंमत करायची तर तेवढीच करावी. त्याहून जास्त नाही, आणि कमीही नाही.

शेवटी एक कामाची गोष्ट. घरी जुन्या ट्रंका असतील तर उघडा. आजोबांच्या नावाचं एखादं सर्टिफिकेट सापडलं, त्यावर '५० शेअर, दर्शनी किंमत १० रुपये' असं छापलेलं असेल, तर तो आकडा आज खरा असेलच असं नाही. मधे विभाजन झालं असेल, बोनस आले असतील, पत्ता बदलल्यामुळे ते घरी पोचलेच नसतील. कागदावर पन्नास दिसतात म्हणून पन्नासच समजून कुणाला देऊ नका. कंपनीच्या रजिस्ट्रारला फोलिओ क्रमांक देऊन विचारा. सलग सात वर्षं लाभांश घेतला गेला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत, म्हणजे आयईपीएफमध्ये गेलेले असू शकतात. तिथूनही वारसांना ते परत मागता येतात. वेळ लागतो, कागदपत्रं लागतात, पण हक्क बुडत नाही.

वेळ झालीय. दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : विभाजन झाल्यावर कराचं काय?

विभाजनात खरेदीची तारीख मूळचीच राहते, खरेदीची किंमत तेवढ्या तुकड्यांत वाटली जाते. १,००० ला घेतलेल्या एका शेअरचे पाच झाले, तर प्रत्येकाची खरेदी २०० रुपये. बोनस शेअरचं तसं नाही. त्याची खरेदी किंमत साधारणपणे शून्य धरतात आणि तारीख वाटपाची. म्हणून दोन्हींची नोंद वेगळी ठेवा. विकताना नेमकं काय लागू होतं, ते आपल्या सीएला विचारा.

प्रश्न : कंपनी आपल्याकडे कधी बोनस देते, कधी स्प्लिट करते. असं का?

एक साधं कारण आजच येऊन गेलं. दर्शनी किंमत एक रुपयाच्या खाली नेता येत नाही. एचडीएफसी बँकेने २०११ साली १० चे २ केले, २०१९ साली २ चे १ केले. संपलं, पुढे मोडायला जागाच नाही. मग २०२५ साली तिने एकास एक बोनस दिला. भागधारकाच्या बाजूने बघितलं तर दोन्ही वेळा झालं एकच : नोट मोडली.

आणि हो, ते जिन्यातले गृहस्थ आज आलेत का? आलेत, मागे बसलेत. काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं : चारशेला मिळतोय म्हणून घेऊ नका. दोन हजाराला घ्यावासा वाटला असता का, तेवढं स्वतःला विचारा. उत्तर 'हो' असेल तर चारशेलाही घ्या. 'नाही' असेल, तर काही बदललेलं नाही.